गावातून श्रीलंकेला: ईटीए कसं काढायचं आणि विमानतळावर काय विचारतात

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. मागच्या वर्षी पोळा झाला, पऱ्हाटीचं निंदण आटोपलं, आणि मी आईला, मोठ्या मावशीला आणि शेजारच्या काका-काकूंना घेऊन श्रीलंकेला गेले. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची फांदी समुद्रापार नेली आणि अनुराधपूरला लावली, हे आम्ही विहारात लहानपणापासून ऐकत आलो. तो बोधिवृक्ष डोळ्यांनी पाहायचा, एवढीच आईची इच्छा होती. आमच्यापैकी कुणीच त्याआधी देशाबाहेर गेलं नव्हतं. काकांनी तर विमानतळही आतून पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून माणसं विचारायला येतात. एजंट माणशी किती घेतो, ईटीए म्हणजे व्हिसाच का, दहावी नापास असलं तर सोडतात का. प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून आता सगळं ओळीनं लिहून काढलं आहे. हे काम अवघड नाही. पण एका अक्षराची चूक महागात पडते, आणि ती चूक बहुतेक वेळा घाईत किंवा दुसऱ्याच्या हातून होते.

१. आधी ईटीए म्हणजे काय ते समजून घ्या

ईटीए म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन मिळणारी परवानगी. श्रीलंकेत ही पद्धत २०१२ पासून आहे. तुम्ही इंटरनेटवर अर्ज भरता, मंजुरी मेलवर येते. पासपोर्टवर काही चिकटवत नाहीत, मुंबई-चेन्नईच्या वकिलातीत जावं लागत नाही. ही परवानगी तुमच्या पासपोर्ट नंबराला बांधलेली असते. काउंटरवर पासपोर्ट वाचला की ती समोर दिसते. म्हणूनच नंबर चुकला तर परवानगी असूनही नसल्यासारखी.

दुसरी गोष्ट, ईटीए मिळालं म्हणजे देशात प्रवेश मिळालाच असं नाही. ते दारापर्यंत जायचं पत्र आहे. दार उघडायचं की नाही हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. बहुतेकांना काहीच अडचण येत नाही, पण हे माहीत असलं की पुढची कागदपत्रं कशासाठी लागतात ते कळतं.

पर्यटनाचं ईटीए ३० दिवसांचं असतं. त्यावर काम करता येत नाही, पैसे कमावता येत नाहीत. तीर्थयात्रेला जाणाऱ्यांना हेच पुरतं.

आता नावांचा गोंधळ. आमच्या गटातल्या काकांनी बातमीत ऐकलं होतं की ब्रिटनलाही आता ईटीए लागतं, म्हणजे तिथे जाणंही सोपं झालं असेल. तसं नाही. ब्रिटनचं ईटीए, अमेरिकेचं ईएसटीए, कॅनडाचं ईटीए, दक्षिण कोरियाचं के-ईटीए, या सगळ्या सोयी ज्या देशांच्या नागरिकांना तिथे व्हिसा माफ आहे त्यांच्यासाठी आहेत. भारतीय पासपोर्टवर या देशांना जायचं तर रीतसर व्हिसाच काढावा लागतो. कुणी एजंट "ब्रिटनचं ईटीए काढून देतो" म्हणाला तर तिथूनच उठा.

व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो. एकदा जाण्यासाठी त्याची सरकारी फी २५ अमेरिकन डॉलर आहे. केनियाने जानेवारी २०२४ पासून ईटीए सुरू केलं. थायलंड आणि मलेशियाला जाण्याआधी डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. थायलंडचं कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे, ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. आगमन कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. आणि ई-पासपोर्ट ही तर तिसरीच गोष्ट. तो आपलाच पासपोर्ट, फक्त कव्हरमध्ये चिप असलेला. त्याचा परदेशच्या परवानगीशी काही संबंध नाही.

२. पासपोर्ट

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळही इथेच असतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पासपोर्टचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. विदर्भाचं विभागीय कार्यालय नागपूरला आहे, पण अर्जासाठी दरवेळी नागपूर गाठायची गरज नाही. २०१७ पासून बऱ्याच जिल्ह्यांच्या मुख्य डाकघरांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आहेत. अर्ज भरताना जवळचं केंद्र निवडा आणि वेळ घ्या. तिथे बोटांचे ठसे, फोटो होतो आणि मूळ कागद तपासतात. मग पोलीस पडताळणी. आमच्या गावात बीट जमादार घरी आला, शेजारच्या दोघांना विचारलं, पोलीस पाटलांना भेटला. त्या दिवसांत घरी कुणीतरी असायला हवं. पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि ज्याचा आहे त्याच्याच हातात देतात, म्हणून वावरात जाताना पोस्टमनला फोन नंबर देऊन ठेवा.

अर्जाआधी एक काम न चुकता करा. आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि मतदार ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवा आणि दोनच गोष्टी पाहा: नाव आणि जन्मतारीख.

आईच्या बाबतीत आम्ही हे रात्री चटईवर बसून केलं. माझी भाची एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती. आधारवर बाबांचं नाव इंग्रजीत डी-ई-ओ-आर-ए-ओ असं, तर पॅनवर डी-ई-व्ही-आर-ए-ओ. आपल्याकडे देवराव, वासुदेवराव, महादेवराव ही नावं दोन्ही तऱ्हेनं लिहितात, घरोघरी हाच प्रकार. आई म्हणाली, "काहून बाई, नाव तं एकच आहे ना?" आपल्यासाठी एकच. संगणकासाठी ती दोन वेगळी माणसं. आम्ही आधी पॅन दुरुस्त करून घेतलं, मगच पासपोर्टला हात लावला. एक महिना गेला, पण पुढे कुठेच अडलं नाही.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी लिहिलेली असते आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळीच तारीख. दाखला असेल तर आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. पासपोर्ट झाल्यावर तारीख बदलणं फार त्रासाचं आहे.

नावाच्या रकान्यांत आणखी एक खड्डा आहे. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि दिलेलं नाव वेगळं असतं. आपलं "शोभा देवराव" हे सगळं दिलेल्या नावात जातं, आडनाव आडनावाच्या जागी. काही जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना कोराच असतो आणि तिन्ही नावं एकाच ओळीत असतात. असा पासपोर्ट असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. उद्या शारजा-दुबईकडे जायचं ठरलं तर तिथे एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देत नाहीत.

ईसीआरची भीती पुष्कळ लोकांच्या मनात असते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी, असा शेरा येऊ शकतो. तो ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या मजुरांच्या संरक्षणासाठी आहे. फिरायला, दर्शनाला जाणाऱ्याला त्याची आडकाठी नाही. शिवाय वय ५० च्या वर असेल तर शिक्षण कितीही कमी असो, हा शेरा लागत नाही. मावशी चौथी शिकलेली आहे आणि हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त छळत होता. तिच्या पासपोर्टवर शेरा नाही.

पासपोर्ट आधीच असेल तर मुदत पाहा. श्रीलंकेत पोचायच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने तो चालू असायला हवा. चार महिने उरले असतील तर विमान कंपनी नागपुरातच किंवा चेन्नईतच थांबवेल.

३. अर्जाआधी प्रत्येकाची एक चिठ्ठी करा

ही माझी स्वतःची पद्धत. वहीचं एक पान एका माणसाला. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत, पासपोर्टवरून जसंच्या तसं:

आडनाव. दिलेलं नाव. जन्मतारीख. पासपोर्ट नंबर. काढल्याची तारीख, संपण्याची तारीख. घरचा पत्ता. मेल आणि मोबाइल. तिथे पोचायची तारीख आणि विमानाचा नंबर. पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचं नाव आणि पत्ता.

आठवणीतून एकही अक्षर लिहू नका, आधारवरूनही नाही. फक्त पासपोर्टवरून. नाव कुठे तुटतं याची शंका आली तर फोटोच्या पानावर अगदी खाली ज्या दोन ओळी आहेत त्या पाहा. पहिल्या ओळीत P<IND नंतर आधी आडनाव, मग दोन कोनांची खूण (<<), मग दिलेलं नाव येतं. यंत्र तुमचं नाव तसंच वाचतं. अर्जात आणि विमानाच्या तिकिटावरही तसंच हवं.

पासपोर्ट नंबरासाठी एक सोपा नियम. भारतीय पासपोर्टचा नंबर म्हणजे पहिलं एक अक्षर आणि पुढे सात अंक. म्हणजे पहिल्या जागेनंतर कुठेही गोल दिसला तर तो शून्यच. इंग्रजी ओ असूच शकत नाही.

४. अर्ज भरणं

श्रीलंकेच्या ईटीएचं सरकारी संकेतस्थळ एकच आहे: ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके. शेवटी जीओव्ही आणि एलके हे दोन्ही असायलाच हवेत. गूगलवर शोधलं तर वरती जाहिरातीत तसंच दिसणारी दुसरी पानं येतात. झेंडा तोच, रंग तेच, नावातही श्रीलंका आणि व्हिसा. ती खाजगी लोकांची असतात आणि सरकारी फीच्या वर आपला मोठा आकार लावतात. काही तर नुसती माहिती गोळा करतात. म्हणून शोधत बसू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

फी मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ती सारखी बदलत आली आहे. भारतीयांना काही काळ ती माफही होती. २०२४ मध्ये एप्रिलपासून काही महिने अख्खी पद्धतच बदलली होती, मग तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबरच्या शेवटी जुनं ईटीए परत आलं. तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी सरकारी पानावर जो आकडा असेल तोच खरा. शेजाऱ्यानं सहा महिन्यांपूर्वी किती दिले त्यावर जाऊ नका.

अर्ज इंग्रजीत असतो, पण प्रश्न थोडेच आहेत. प्रवासाचा प्रकार विचारतात तिथे पर्यटन निवडा. तारखांच्या रकान्यात आधी दिवस आहे की आधी महिना, हे नीट वाचा. शेवटी काही प्रश्नांना हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं असतं, तुम्ही आत्ताच श्रीलंकेत आहात का, तिथला राहण्याचा परवाना आहे का, असे. हे भराभर टिचकी मारत पुढे जाण्याचे प्रश्न नाहीत. एकेक वाचून उत्तर द्या.

आता माझ्याकडून झालेली चूक. काका-काकूंचा अर्ज मी घाईत एका नेट कॅफेत भरायला दिला. मुलानं काम नीट केलं, अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पण मेल आणि मोबाइलच्या जागी त्यानं स्वतःचा टाकला, तिथे सगळ्यांचंच तसं करतात म्हणे. मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली, त्याच्या मेलवर. तो पोळ्याचा दिवस. दुकान बंद. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हाही बंद. तिसऱ्या दिवशी तो गावाला गेलेला. काकू रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायच्या, "आलं का गं?" आणि मी काय सांगणार. चौथ्या दिवशी त्याला फोन लागला तेव्हा कळलं की कागद केव्हाचा येऊन पडला होता.

म्हणून मेल स्वतःचा द्या. नसेल तर उघडा, पाच मिनिटांचं काम आहे, आणि पासवर्ड त्याच चिठ्ठीवर लिहा. घरातल्या मुलीचा किंवा मुलाचा दिला तरी चालेल, पण दुकानाचा नको. सेतू केंद्रात किंवा कॅफेत भरून घेणार असाल तर शेजारी बसा, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी स्क्रीनवरचं सगळं चिठ्ठीशी ताडून पाहा. सायबर कॅफेच्या संगणकावर पासपोर्टचा फोटो राहिला असेल तर निघण्याआधी तो समोर पुसून घ्या.

फी भरताना आपल्या गावाकडचे एटीएम कार्ड बहुधा चालत नाही. नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन सुरू करून घ्यावे लागतात. पैसे अडकले तर घाबरून पुन्हा पुन्हा भरू नका. अर्जाचा क्रमांक लिहून ठेवा, त्याच क्रमांकावर स्थिती तपासा, मगच दुसऱ्यांदा प्रयत्न करा.

अर्ज केव्हा करायचा? मी म्हणेन निदान दोन-तीन आठवडे आधी. मंजुरी बहुतेक वेळा लवकर येते, पण चूक निघाली तर नव्यानं अर्ज करायला दिवस हाताशी हवेत. विमानतळावर पोचून काढू, असं कुणी सांगितलं तरी म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या भरवशावर जाऊ नका. तामिळनाडूतल्या नागपट्टिनमहून बोटीनं कांकेसंतुरईला जाणार असाल तरी परवानगी लागतेच.

५. मंजुरी आली की

मेल उघडा, पत्र छापा, आणि पासपोर्ट समोर ठेवून पुन्हा एकदा नंबर, नाव, जन्मतारीख पाहा. किती तारखेपर्यंत दाखल व्हायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. चूक दिसली तर तिथे जाऊन सांगू, असा विचार करू नका. गावात असतानाच दुरुस्ती मागा किंवा नवा अर्ज करा. आणि ईटीए काढल्यानंतर पासपोर्ट बदलला तर ईटीएही नवीनच काढावं लागतं.

६. प्रत्येकाची वेगळी फाइल

सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत आणि पिशवी एकाच माणसाकडे, असं करू नका. इमिग्रेशनला प्रत्येकाला एकट्यानं उभं राहावं लागतं. मी प्रत्येकाला प्लास्टिकची एकेक फाइल केली. आईची हिरवी होती. तिला अक्षर नीट लागत नाही, म्हणून कागद ठरलेल्या क्रमानं लावले आणि आठवडाभर रोज संध्याकाळी तिच्याकडून एकेक काढून घेतला.

फाइलमध्ये हे असू द्या:

- पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स
- ईटीएचं पत्र
- जायचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं. परतीचं तिकीट फार महत्त्वाचं
- मुक्कामाचं बुकिंग. विहारात किंवा धर्मशाळेत उतरणार असाल तर तिथलं पत्र, पत्त्यासह
- थोडक्यात कार्यक्रम: कोणत्या दिवशी कोणतं गाव
- औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी
- पासपोर्ट साइजचे दोन फोटो
- एका कार्डावर इंग्रजीत माझं नाव, तिथला पत्ता आणि गटातल्या सगळ्यांची नावं

सगळं छापून न्या. मोबाइलमध्ये आहे म्हणून भागत नाही. आपलं सिम तिथे चालेलच असं नाही आणि बॅटरी नेमकी रांगेत संपते.

लहान मूल फक्त आईबरोबर किंवा फक्त वडिलांबरोबर जाणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखलाही ठेवा.

पैशांचं थोडक्यात. परकीय चलन अधिकृत ठिकाणाहून घ्या, त्यासाठी पॅन लागतं. पावती जपून ठेवा. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण ॲपमध्ये परदेशी व्यवहार निघण्याआधी सुरू करावे लागतात, आणि खेड्यापाड्यातल्या दुकानात रोखच लागते.

७. काय नेऊ नये

हे नीट वाचा. कागद बरोबर असूनही माणसं इथे अडकतात.

खर्रा. आपल्याकडे तो खिशात असतो आणि खिशात आहे हेही लक्षात नसतं. श्रीलंकेत चघळायच्या तंबाखूच्या पदार्थांवर बंदी आहे. खर्रा, गुटखा, घोटलेली पन्नी, काहीच नेऊ नका. काकांना चाळीस वर्षांची सवय. त्यांनी एक महिना आधीपासून कमी करत आणला आणि चेन्नईला पोचायच्या आत उरलेला टाकून दिला. निघताना सगळ्यांचे खिसे, बंडीचे आतले कप्पे, बॅगेचे कोपरे झटकून पाहा.

गोंदण. आमच्याकडे तरुण पोरांच्या दंडावर, मनगटावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं असतं, मोठ्या श्रद्धेनं. श्रीलंकेत अंगावर बुद्धाचं चित्र गोंदणं हा अनादर समजतात. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचं गोंदण असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक बाईला कोलंबोहून परत पाठवलं होतं. आपला भाव वेगळा आहे हे खरं, पण विमानतळावर ते समजावून सांगायची वेळ आणू नका. पूर्ण बाहीचा सदरा घाला आणि तो अंगावरच राहू द्या. तसंच बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, सेल्फी तर मुळीच नको. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आम्ही पांढऱ्या साड्या नेल्या होत्या, तिथेही उपासिका पांढरंच नेसतात.

लोणचं, तूप, चटणी हे हातातल्या बॅगेत ठेवलं तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात, कारण ते पातळात मोजतात. मोठ्या बॅगेत नीट बांधून ठेवा. आणि हे श्रीलंकेसाठी नाही, पण नागपूरहून शारजाकडे जाणाऱ्यांसाठी सांगते: तिकडे खसखस नेणं गुन्हा आहे. घरच्या मसाल्यात ती असते, म्हणून मसालाही नको.

८. दोन खिडक्या

नागपूरहून कोलंबोला थेट विमान नाही. आम्ही रेल्वेनं चेन्नईला गेलो आणि तिथून विमान घेतलं. गाडी उशिरा येईल हे धरून एक मुक्काम चेन्नईत ठेवा. विमानाच्या निदान तीन तास आधी विमानतळावर पोचा.

पहिली खिडकी आपल्याच देशाची. भारतीयांना बाहेर जाताना पूर्वी एक कार्ड भरावं लागायचं, ते १ जुलै २०१७ पासून बंद झालं. कुठे जाता, कशासाठी, किती दिवस, एवढं विचारतात. हिंदीत उत्तर दिलं तरी चालतं.

दुसरी खिडकी कटुनायकेची, म्हणजे कोलंबोच्या बंडारनायके विमानतळाची. तिथे इंग्रजी, सिंहली किंवा तमिळ. घरी आम्ही पाच प्रश्नांची तयारी केली होती: किती दिवस, कुठे उतरणार, कुणाबरोबर आलात, परत केव्हा, काम काय करता. काकांना मी एकच शब्द पाठ करून दिला होता, फार्मर. न कळलेल्या प्रश्नाला अंदाजानं हो म्हणू नका. फाइल पुढे करा, मागच्या माणसाकडे बोट दाखवा, मदत मागा. त्यात कमीपणा काही नाही.

मावशी पुढे होती, मी तिच्या मागे. अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं, तिला कळलं नाही. तिनं फाइल उघडली, तिसरा कागद काढला, तो अनुराधपूरच्या मुक्कामाचा होता, आणि हात जोडून म्हणाली, "अनुराधपुरा. बोधी." त्यानंही क्षणभर हात जोडले आणि शिक्का मारला. शिक्का बसला की तिथेच त्यावरची तारीख वाचा. किती दिवस राहता येईल ते त्यावर कळतं. मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त राहू नका. आजारपणानं राहावंच लागलं तर मुदत संपण्याआधी तिथल्या इमिग्रेशन विभागाकडे वाढवून मागा.

दर पौर्णिमेला तिथे सुट्टी असते, त्याला पोया म्हणतात. कचेऱ्या बंद, मंदिरांत प्रचंड गर्दी. दर्शनासाठी तो दिवस फार सुंदर, पण कागदाचं कुठलंही काम त्या दिवशी ठेवू नका.

९. परत येताना

परतीच्या वेळी ईटीएचं पत्र आणि पासपोर्ट वरच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका.

मावशीला गावच्या विहारासाठी बोधिवृक्षाचं रोप आणायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं कुठूनतरी छोटी कुंडीही पाहून ठेवली होती. परदेशातून रोपं, बियाणं, माती आणायची तर आधीच काढलेला आयातीचा परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर विमानतळावर ते काढून घेतात, आणि ते बरोबरच आहे, बाहेरची कीड आपल्या वावरात येऊ नये म्हणूनच तो नियम. कपाशीवर गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते मावशीनं स्वतःच्या शेतात पाहिलं आहे. तिला एवढंच सांगितलं आणि तिनं कुंडी तिथेच ठेवली. तुमच्या गटातल्या कुणाची अशी इच्छा असेल तर निघण्याआधी घरीच सांगून ठेवा.